सागरपक्ष्याला मुऱ्हाळी

धसई,
१२ नोव्हेंबर १९९८

चि. शकू,

आशीर्वाद. ते फुकट असतात म्हणून आधीच देऊन टाकतो. काम पुढे आहे.

आपल्या वाडीच्या शाळेला साठ वर्षं होतात. म्हसा गावची जत्रा उरकली की जानेवारीच्या शेवटाला सोहळा ठरलाय. नवे हेडमास्तर शहापूरहून फटफटीवर येतात, घंटा होऊन गेल्यावर पोचतात आणि पुढची व्हायच्या आत निघतात. पण त्यांनाही एकदाची अक्कल सुचली. शाळेच्या दर्शनी भिंतीवर माझी 'सागरपक्षी' कविता रंगवायची ठरलीय. ऑइलपेंटमध्ये! तीस वर्षं मी ती चौथीला शिकवली. पुस्तकात नव्हती तरी शिकवली, आणि पुस्तकातल्यापेक्षा बरी शिकवली. हल्लीच्या पुस्तकांत असतं तरी काय? हात कसे धुवावेत, रस्ता कसा ओलांडावा. आपल्या वेळी पावसाची झड लागली की कौलांखाली साठ पोरं एका सुरात कविता म्हणायची आणि गुरंसुद्धा चरायची थांबायची. आता पोरं फक्त 'मे आय कम इन' म्हणतात, आणि तेही आत आल्यावर.

शेवटचं कडवं तुला पाठ असेलच:

लाटांच्या माथ्यावर ठेवुनि पाय
सागरपक्षी निघून जाय;
थांबत नाही, वळतहि नाही,
घरट्याची त्याला आठवण काय?

तू त्या कंडक्टराशी लग्न करून त्याच्याच एसटीनं समुद्राकडे निघून गेलीस, त्या वर्षी लिहिलेली. तुझ्यावरच लिहिलेली, हे काय वेगळं सांगायला हवं?

तर कवितेशेजारी चित्र काढायचंय आणि पेंटर विचारतो, पक्षी कोणता. मी समुद्र पाहिला तो एकदाच, शाळेची सहल घेऊन चौपाटीला. तिथे कावळे आणि भेळवाले. तुझ्या तर परसात समुद्र, आणि तोही खडकांचा. जरा बाहेर पडून नीट बघ आणि कळव. रंग, चोच, पंखांचा विस्तार. मोठा हवा. भव्य हवा.

आणि सोहळ्याला ये. पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवतो.

तुझा,
दादा (वाल्मिक)


खडपवाडी, जि. रत्नागिरी
२४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. हापण फुकटचाच, ठेव.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचलं. 'कंडक्टरा'पाशी आले नि थांबले. म्हणाले, "रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण तुझ्या भावाच्या तोंडात मी अजून ड्युटीवरच हाय."

तू सांगितलंस म्हणून गेले. ओहोटीला आमचं खडप उघडं पडतं. काळा दगड, वर शेवाळ, मधे मधे डबकी, नि पलीकडं लाटा धडाधड आपटत असतात. छत्तीस वर्षं समोर हाय, पण बघतंय कोण? कालवं काढायला खाली वाकायचं नि टोपली भरली की घरी. सूनबाई प्रियांका म्हणाली, "आई, कोयती न घेता कुठं चालल्यात?" म्हटलं, पाखरं बघायला. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तर ऐक तुझे सागरपक्षी. पंधरा-वीस भुरी पाखरं, कोंबडीच्या वाढत्या पिलाएवढी. लाट मागं गेली की पळत खाली जातात, शेवाळात टोच टोच टोचतात, नि पुढची लाट उठली की सगळी मिळून वर धूम. परत खाली, परत वर. लाटेच्या माथ्यावर पाय म्हणतोस? अरे, लाटेचा शिंतोडा अंगावर घेत नायत. आपल्या वाडीतली सकुबाई अंगण झाडायची तेव्हा तिच्या कोंबड्या झाडूच्या मागं-पुढं कशा करायच्या, तश्शी. त्यांतली काही तर बारके दगड चोचीनं उलथून खाली काय मिळतंय बघतात. पंगत उठल्यावर पत्रावळी उलटणारी माणसं असतात ना, तसलीच जात.

हे चित्र शाळेच्या भिंतीवर काढलंस तर कुणी सांगितलं म्हणून माझं नाव घेऊ नको.

सोहळ्याला येते. पण न्यायला तू यायचं. मुऱ्हाळी होऊन भाऊ दारात आला की बहीण माहेराला निघते, हे मास्तरला मी शिकवायचं काय? आपल्याकडं भिकाऱ्याच्या पोरीलापण पहिल्या सणाला मुऱ्हाळी येतो. मला आजपर्यंत आलेला नाय. तू आलास तर मी येईन, नायतर खुर्चीवर हेडमास्तरांची फटफटी ठेव.

शकू


धसई,
५ डिसेंबर

शकू,

तुला बघायला सांगितलं सागरपक्षी, आणि तू बघून आलीस कोंबड्या. दोष तुझा नाही. चौथी झाली की चूल, मग नजर तयार होणार कुठून? ओहोटीला जाऊन समुद्र बघतात का कधी? ओहोटी म्हणजे समुद्र उठून गेल्यावर राहिलेलं खरकटं. त्यावर जमतात ते पक्षी खरकट्याचेच. भरतीला जा, वारा असेल तेव्हा जा. लाटा अंगावर येत असतील तेव्हा तो दिसेल. कवी काय न बघता लिहितो? (मी न बघता लिहिलं, पण ती वेगळी गोष्ट. काव्यात बघावं लागत नाही.)

आता ते मुऱ्हाळी प्रकरण. तू अठ्ठावन्नची, मी सहासष्टचा. नातवंडं असलेल्या बहिणीला नातवंडं असलेला भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला येतो, हे पाहायला गाव गोळा होईल. एसटी आहे. तुझ्या नवऱ्याला फुकटचा पास आहे, आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटं फाडल्याबद्दल मिळालेला. तो तरी कधी वापरायचा? एकटी ये. सागरपक्ष्याला कुणी न्यायला जात नाही. म्हणून तर त्याच्यावर कविता होते. कोंबड्यांवर होत नाही.

पेंटर घाई करतोय. लवकर कळव.

दादा


खडपवाडी,
१४ डिसेंबर

दादा,

भरतीलापण गेले. वारा होता, लाटा वरच्या दगडापर्यंत येत होत्या, माझं लुगडं भिजलं. आणि तुझे वीर काय करत होते सांगू? सगळ्यांत उंच खडकावर रांगेनं एका पायावर उभे, मान पिसांत खुपसून, तोंडं वाऱ्याकडं. झोपलेले! पाणी कधी उतरतंय नि आपण कधी खाली पळतोय, एवढीच वाट. तुमची मास्तर मंडळी परीक्षेच्या हॉलात शेवटच्या घंटेची वाट बघतात तशी.

एक राखी बगळा तेवढा एकटा, डबक्याच्या काठाला. तास गेला तरी हलला नाय. मला वाटलं, हा बरा दिसतो, ह्याचं कळवावं. तेवढ्यात त्यानं चोच मारली नि माशाऐवजी शेवाळ वर आलं. इकडं-तिकडं बघून घेतलं, कुणी बघितलं तर नाय ना. अगदी शाळा तपासायला आलेला साहेब. तोपण नापास.

एक मात्र ओळखीचं निघालं. बारकं, तपकिरी, पोट पांढरं. दगडावर उतरलं नि मागचं ढुंगण वर-खाली, वर-खाली. मी एकटीच हसत सुटले. दादा, ही तर आपली भिमी! आठवतं? नदीवर दगडांवर यायची, थंडीत. शेजारची भिमीकाकू डोईवर हंडा घेऊन नदीची चढण चढताना मागून अशीच हलायची, म्हणून तूच नाव ठेवलंस, नि तिनं ऐकलं तेव्हा मार मी खाल्ला.

पण न्यायला ये, हे माझं कायम. माझी मी दोनदा आले. आईच्या मयताला नि बाबांच्या मयताला. मयताला न्यायला कुणी लागत नाय. पहिल्या दिवाळीला ट्रंक भरून ओटीवर बसून होते. बाबा रागावलेत म्हणून दादाला यायला देत नसतील, पण उद्या येईल, असं सगळ्यांना सांगत होते. सासू म्हणाली, "चल आत, भरती आली." चांगलीच होती बिचारी, ट्रंक तिनंच आत नेली. आता बाबा जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुला कोण अडवतंय?

शकू


धसई,
२३ डिसेंबर

शकू,

अनर्थ झाला. तुझ्या झोपाळू पक्ष्यांची वाट बघून पेंटरनं चित्र काढून टाकलं.

हा महादू शहापूरचा. हायवेच्या ढाब्यापाशी बसून ट्रकांच्या पाठी रंगवतो. हेडमास्तरांनी आणला, कारण येताजाता फटफटीवरून तोच दिसतो. मी त्याला अर्धा तास समजावलं: लाटा, फेस, अथांग, विरक्त. तो म्हणाला, "समजलं मास्तर, नॅशनल परमिटवाला." आणि सकाळी बघतो तर भिंतीवर गरुड! डोळ्यांत काजळ, चोचीत गुलाबाचं फूल, पंखांना लाल-पिवळी झालर. खाली लाटा म्हणून जे काढलंय ते कमळाच्या पाकळ्यांसारखं. शाळेवर गरुड आणि गरुडाखाली माझं नाव. 'हॉर्न ओके प्लीज' तेवढं राहिलं. मी ओरडलो तर म्हणतो, "मास्तर, ह्याच डिझाइनवर नाशिकची पार्टी खूश असते." हेडमास्तर म्हणाले, छान उठावदार आलंय. अशा माणसांच्या हातात शाळा आहे.

नात कुणाली चौथीत आहे, सोहळ्यात कविता तीच म्हणणार. तिनं विचारलं, "आजोबा, हा वळत का नाय? मान दुखते त्याची?" पोरीला आईचं वळण आहे.

तुझ्या भिमीचं म्हणशील तर काल मुद्दाम नदीवर गेलो. पाणी आटत चाललंय, दगड उघडे पडलेत. बसलो. आणि खरंच आली. एकटीच. दगडावर उतरली आणि सुरू केलं तिचं ते असभ्य वर्तन. रूप नाही, आवाज नाही, ऐट नाही. असल्या पाखरावर मी एक ओळ खर्ची घालणार नाही. पण मुद्द्याचं बघ. ही दर थंडीत येते. कुठून कुठून येते. तिला कोण जातं मुऱ्हाळी? कोण एसटीत बसवून आणतं? तुझ्याच साक्षीदारानं तुझ्या विरुद्ध साक्ष दिली. आता सरळ बॅग भर आणि ये.

दादा


खडपवाडी,
४ जानेवारी १९९९

दादा,

भिमी येते, कारण नदी तिच्यासाठी दगड उघडे ठेवते. दर थंडीत ठेवते. तू माझ्यासाठी काय ठेवलंस? एक कविता. नि तीत मी परत येतच नाय.

तीस वर्षं तू ती पोरांकडून घोकून घेतलीस. 'थांबत नाही, वळतहि नाही.' मला वाटायचं, दादाला येणं जमत नसेल, शेती हाय, शाळा हाय. आता कळलं. तुला वाटत होतं मी लाटेवर पाय ठेवून चाललेय. मी कशी होते विचार की कधी. खालच्या पाखरांसारखी होते. लाट आली की पळायचं, गेली की परत खाली जाऊन दोन दाणे टिपायचे. सासरा अंथरुणाला होता तेव्हा, ओमकार लहानपणी तापात होता तेव्हा, ह्यांची ड्युटी तीन-तीन दिवस लांब असायची तेव्हा. पळपुटी म्हण, कोंबडी म्हण. पण पाखरं घोळक्यानं पळतात. मी एकटी पळत होते, नि माझा भाऊ तिकडं पोरांना माझं धैर्य शिकवत होता.

मला कवितेत नको. मला न्यायला ये.

नाय आलास तर येऊ नको. ह्यापुढं सांगणार नाय.

शकुंतला


(पोस्टकार्ड)
धसई, ११ जानेवारी

शकू,

शुक्रवारी निघतो. मुरबाडहून कल्याण, पुढे लाल डबा. पक्षी बघायला येत नाही, हे लक्षात ठेव. कंडक्टरला सांग, माझं आणि तुझं तिकीट मी काढणार, त्याच्या पासाची मेहेरबानी नको. ट्रंक भरून ओटीवर बस. आत जाऊ नको.

दादा


खडपवाडी,
८ फेब्रुवारी

दादा,

पोचले सुखरूप. ओमकार स्टँडवर आला होता. पहिलं काय विचारलं? "मामाचं धोतर वाळलं का?" गावभर झालंय. तू खडपावर उभा राहून "कुठे आहेत ते तुझे वीर?" म्हणत होतास नि मागून लाट आली. पाखरं उडून वरच्या दगडावर गेली. त्यांना कळलं, तुला नाय कळलं. मग धोतर पिळत तू त्यांना जे बोललास ते चौथीच्या पुस्तकात घालता यायचं नाय. हे अजून नक्कल करून दाखवतात. डबल बेल मारतात नि म्हणतात, "चला, पुढं सरका, लाट येतीय."

पण एक सांगते. ओटीवर ट्रंक घेऊन मी सकाळपासून बसले होते. प्रियांका म्हणाली, "आई, गाडी संध्याकाळची हाय." म्हटलं, मला माहीत हाय. ह्या बसण्याची मला सवय हाय. नि तू फाटकातून आलास, धूळ अंगभर, पिशवीत वालाच्या शेंगा नि पापड. म्हणालास, "अजून तयार नाहीस? बायका कधी वेळेवर तयार होत नाहीत." तेवढंच बोललास. बरं केलंस. जास्त बोलला असतास तर मी आत निघून गेले असते.

सोहळ्यात मी तोंड उघडणार नव्हते, देवाशपथ. तो काजळ घातलेला गरुड बघून मी हसू दाबत बसले होते. पाव्हणे भाषणात म्हणाले 'ह्या ज्ञानगंगेच्या काठी', तेव्हापण गप्प होते. कुणाली उभी राहिली, छान म्हणत होती पोर, हात हलवून. शेवटचं कडवं आलं. 'घरट्याची त्याला आठवण काय?' म्हणून तिनं सगळ्यांकडं बघितलं. तू शिकवलंयस ना, प्रश्न विचारल्यासारखं थांबायचं. ती थांबली, नि माझ्याकडंच बघत होती.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "हाय!"

एवढ्या मोठ्यानं निघेल असं वाटलं नव्हतं. तुझा कार्यक्रम खराब झाला असेल. झाला तर झाला.

भिमीला बघितलं का परत?

शकू


धसई,
१९ फेब्रुवारी

शकू,

कार्यक्रम खराब झाला का विचारतेस? हेडमास्तर दचकून माइकवर आपटले. पाव्हण्यांना वाटलं, आता पुढे समूहगान आहे, ते टाळ्या वाजवायला लागले. आणि मागच्या रांगेतली पोरं! त्या माकडांना तेवढंच हवं होतं. तुझ्यामागून सगळी शाळा ओरडली, "हाय!"

आणि आता ते थांबत नाही. रोज प्रार्थनेनंतर कविता म्हणायची प्रथा हेडमास्तरांनी सुरू केली, कारण त्यात त्यांची पाच मिनिटं आरामात जातात. रोज शेवटची ओळ आली की दोनशे पोरं गळा फाडून "हाय!" करतात. मी घरी बसून ऐकतो. छत्तीस वर्षांत वृत्ताला कधी धक्का लागला नव्हता. मी शाळेत जाऊन सांगितलं, हे कवितेत नाही. कुणाली म्हणाली, "आजोबा, आजीनं सांगितलं ना, हाय म्हणून." तो शब्द ओळीत बसवून पाहिला. पुढे बसत नाही, मागे बसत नाही. दोन अक्षरं नि अर्धा श्वास, कुठंही घाल, बाहेरच येतो. राहू दे बाहेर.

महादू आला होता उरलेला रंग न्यायला. म्हणाला, "मास्तर, गरुडाची मान जरा मागं वळवून देऊ का? पैसे नको." मी म्हटलं, तुझ्या हातनं मान वळली तर तो अपघात झाल्यासारखा दिसेल. तरी दे म्हटलं. वळवली. आता गरुड गुलाब तोंडात धरून शाळेमागच्या पारिजातकाकडे बघतोय. भयंकर दिसतो. पोरांना आवडतो.

भिमी नदीवर आहे अजून. तिचं ते चालूच. उन्हं तापली की जाईल. कुठे जाते, कशी जाते, मी विचारणार नाही. पाखरांच्या भानगडीत मी पडत नाही.

दिवाळीच्या आधी वसुबारसेला मी तुझ्या ओटीवर असेन. कंडक्टरला सांग, डबल बेल तयार ठेव. या खेपेला धोतर नाही, लेंगा घालून येईन.

दादा